मिसेस के आणि न दाखवलेलं भाषण

इंदूताई खानविलकरांसमोर "ते लोक" असं म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर त्या हातातला कप खाली ठेवायच्या, चष्मा नाकावर वर सरकवायच्या आणि विचारायच्या, "कोण लोक? नाव सांगा."

माझी त्यांची ओळखही अशीच झाली. कॉव्हेंट्रीला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. गणपतीनिमित्त भाड्याने घेतलेल्या चर्चच्या हॉलमध्ये मसालेभाताची प्लेट हातात धरून मी चार पुणेकरांना माझे अनुभव ऐकवत होतो. "हे गोरे लोक ना, तोंडावर थँक्यू-सॉरी करतात आणि पाठीमागून ईमेल टाकतात," असं काहीतरी. मागून आवाज आला, "कोण लोक?" वळून पाहिलं तर काठापदराची साडी, वर राखाडी कार्डिगन आणि पायात पांढरे ट्रेनर्स घातलेल्या साठीकडे झुकलेल्या ठेंगण्या बाई.

"म्हणजे... हे इंग्लिश लोक," मी म्हणालो.

"नाव सांगा."

"माझा मॅनेजर. स्टीव्ह."

"मग स्टीव्हची तक्रार करा. बाकीच्या सहा कोटींना कशाला ओढता त्यात?" एवढं बोलून त्यांनी माझ्या प्लेटमध्ये आणखी एक डाव भात वाढला. "आम्ही साताऱ्याचे. सरळ बोलतो. राग मानू नका, आणि मानलात तर चहा गार व्हायच्या आत बोलून मोकळे व्हा."

इंदूताई एकाहत्तर साली नवऱ्याबरोबर इथे आल्या. यजमान मोटारींच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते, ते मी येण्याच्या कितीतरी आधी गेले. मूलबाळ नव्हतं. ताई मात्र तीसेक वर्षं आमच्या भागातल्या एकाच शाळेत फिजिक्स शिकवत होत्या. खानविलकर हे नाव उच्चारण्याची धडपड मुलांनी पहिल्याच वर्षी सोडून दिली होती. पिढ्यान् पिढ्या त्या "मिसेस के" होत्या. आठवड्याच्या बाजारात त्यांच्याबरोबर गेलं की दर दहा पावलांवर कुणीतरी थांबायचं. टक्कल पडलेला फळवाला, बाबागाडी ढकलणारी बाई, बसचा ड्रायव्हरसुद्धा. "ऑलराइट, मिस?" आणि ताई त्याचं नाव घेऊन, त्याच्या भावाचं नाव घेऊन, तो कुठल्या धड्यात अडकायचा तेही सांगायच्या.

फिजिक्सखेरीज नववीच्या मुलांचा सिटिझनशिपचा, म्हणजे आपल्या नागरिकशास्त्राचा, तासही त्यांच्याकडे होता. दुसरे शिक्षक तो तास कसाबसा उरकायचे. ताई त्यात जीव ओतायच्या. एकदा निवडणुकीच्या वर्षी त्यांनी तिन्ही पक्षांचे उमेदवार वर्गात आणून बसवले. मुलांना फक्त प्रश्न विचारायची मुभा, टाळ्या वाजवायची नाही. एका मुलीने एका उमेदवाराला विचारलं, "तुम्ही शेवटचं मत कधी बदललंत?" तो बिचारा पाण्याचा ग्लास शोधायला लागला. हे सांगताना ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. "नानिवडेकर, पोरांना मत द्यायचं नसतं. मताला टाचणी लावायला शिकवायचं असतं."

माझी मुलगी मुक्ता त्या शाळेत गेली आणि वर्षभरात ताईंनी मलाही आत ओढलं. शाळेच्या कारभारी मंडळावर पालकांतून एक गव्हर्नर हवा होता. मी घाबरलो. "अहो, गव्हर्नर म्हणजे काही मलबार हिलवरचा राज्यपाल नव्हे," त्या म्हणाल्या, "महिन्यातून एकदा लहान मुलांच्या खुर्चीत बसायचं, सादळलेलं बिस्किट खायचं आणि शाळेचे कागद वाचायचे. तुम्हाला कागद वाचता येतात ना?" मी झालो गव्हर्नर. शाळेच्या भिंतीवर बाकी मंडळींच्या रांगेत माझाही फोटो लागला. तो मी पुण्याला आईला पाठवला होता.

हे सगळं सांगायचं कारण २००९चा सप्टेंबर.

अमेरिकेचे नवे राष्ट्राध्यक्ष शाळा सुरू होताना देशभरातल्या मुलांशी टीव्हीवरून बोलणार होते. त्यावरून तिकडे रण पेटलं होतं. विरोधी पक्षाचे लोक म्हणत होते, हा आमच्या पोरांच्या डोक्यात राजकारण भरणार. काही पालकांनी त्या दिवशी मुलांना घरीच ठेवायचं जाहीर केलं. आमच्याकडे बातम्यांत ते रोज दिसत होतं, आणि मुक्ताच्या वर्गातली मुलं ताईंना विचारू लागली, "मिस, हा असं काय बोलणार आहे, की एवढी मोठी माणसं रागावली आहेत?"

"चांगला प्रश्न आहे," ताई म्हणाल्या. "ऐकू आणि ठरवू." त्यांचा बेत साधा होता. भाषण झालं की त्याची फिल्म उतरवून घ्यायची, पुढच्या आठवड्यात नववीला हॉलमध्ये दाखवायची. आधी अमेरिकेतल्या दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचायचं, मग भाषण, मग प्रत्येक मुलाने तीन प्रश्न लिहायचे, त्यांतला एक तरी वक्त्याला अडचणीत टाकणारा हवा. तासाची सुरुवात मुक्ता करणार होती. दोन मिनिटांचं प्रास्ताविक. ती चार दिवस आरशासमोर उभी राहून ते म्हणत होती. ताईंनी पालकांना रीतसर पत्र पाठवलं. कुणाला हरकत असेल तर कळवावं, असं त्यात लिहिलं होतं.

पहिली हरकत यास्मिनची आली. ती माझ्यासारखीच पालकांतली गव्हर्नर होती, पेशाने फार्मसिस्ट, शांत बाई. तिने ताईंना कॉरिडॉरमध्ये गाठलं. "मिसेस के, ह्या माणसाचं सैन्य आज अफगाणिस्तानात आहे. माझ्या मुलाने हाताची घडी घालून त्याचा उपदेश का ऐकायचा?" ताई म्हणाल्या, "हाताची घडी नकोच. हाच प्रश्न त्याला लिहू दे. मला तो पहिल्या नंबरावर हवा आहे." यास्मिनचं समाधान झालं नाही, पण दोघी बोलत राहिल्या. तेवढ्यावर असतं तर काहीच बिघडलं नसतं.

शनिवारी सकाळी आमच्या दारातून एक पत्रक आत पडलं. ते मुक्ताने उचललं. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. ती आत आली आणि तिने तो कागद माझ्यासमोर धरला. त्यावर इंदूताईंचा फोटो होता. शाळेच्या भिंतीवरचाच, साडीतला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "तुमच्या मुलांना कोण शिकवतंय?" खाली चार ओळी: परदेशी नेत्याचा प्रचार, परदेशी शिक्षिका, आपल्या करांचा पैसा. आणि "स्थलांतर थांबवा" म्हणणाऱ्या एका छोट्या पक्षाचं नाव.

मी ते दोनदा वाचलं. गाळणं हातात तसंच होतं आणि चहा ओट्यावरून खाली ठिबकत होता. समोरच्या घरातला म्हातारा त्याच्या दारात उभा राहून तोच कागद वाचत होता. आमची नजरानजर झाली. त्याने मान खाली घातली. पाच वर्षं मी ज्या रस्त्यावर राहत होतो, तो त्या क्षणी मला ओळखू येईना.

मी ताईंकडे धावलो. त्या टेबलाशी बसून पत्रक तपासत होत्या. खरंच तपासत होत्या, लाल पेनाने. स्पेलिंगच्या दोन चुका काढल्या होत्या. "फोन येतायत सकाळपासून," त्या म्हणाल्या. "एक जण म्हणाला, गो होम. मी म्हटलं, बाबा, मी घरीच आहे, फोन तू केलायस."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. तपासून झालेलीच ओळ त्यांनी लाल पेनाने पुन्हा तपासायला घेतली.

सोमवारी स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली. मंगळवारी शाळेच्या फाटकासमोर दोन बाजू उभ्या होत्या. एकीकडे पत्रकवाले, दुसरीकडे युद्धविरोधी फलक घेतलेले. एकमेकांचं तोंड न पाहणारी ही माणसं एकाच मागणीसाठी ओरडत होती: भाषण दाखवू नका. तिसरी बाजू आमच्या मराठी मंडळाची. ती रस्त्यावर आली नाही, फोनवर आली. "नानिवडेकर, तुम्ही गव्हर्नर आहात ना? इंदूताईंना समजवा. आपण इथे पाहुणे आहोत." ताईंना मी तो निरोप दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अडतीस वर्षांचा पाहुणा कुणाकडे पाहिलाय तुम्ही? कोण म्हणालं? नाव सांगा." मी नाव सांगितलं नाही.

त्यात घरची गोष्ट वेगळीच होती. आमचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज तयार होता. ऑक्टोबरात क्रॉयडनच्या इमिग्रेशन ऑफिसची तारीख मिळाली होती. माझ्या बायकोने, वैशालीने, पाच वर्षांच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचे कागद, मुक्ताच्या शाळेचं पत्र, सगळं एका निळ्या फाइलमध्ये क्रमाने लावलं होतं. पत्रक आलं त्या दिवशी तिने ती फाइल कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली.

"निशी, ताईंचं मला कळतं," ती म्हणाली. "पण आपलं नाव पेपरात येता कामा नये. क्रॉयडन होऊ दे. मग तू काय वाटेल ते कर."

"त्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही."

"नाही ना? लिहून देशील?"

मी लिहून देऊ शकत नव्हतो.

बुधवारी संध्याकाळी सहाला गव्हर्नरांची तातडीची बैठक भरली. हेडटीचरने हात झटकले होते, "गव्हर्नर ठरवतील ते." शाळेच्या लायब्ररीत बुटक्या खुर्च्यांवर आम्ही बाराजण. ताई शिक्षकांच्या प्रतिनिधी म्हणून तिथे होत्याच, पण विषय त्यांचा म्हणून त्यांना मत नव्हतं. उरले अकरा. अध्यक्ष मार्गारेट, निवृत्त नर्स. ती म्हणाली, "काही पालक अस्वस्थ आहेत."

"कोण?" ताईंनी विचारलं.

"मिसेस के, आता नावं कशाला..."

"एक तर दाराबाहेर उभा आहे," ताई म्हणाल्या. "त्याला आत बोलवा. थंडी आहे."

आत आला तो कॉलिन, आदल्या दिवशी फाटकाशी पत्रकवाल्यांत उभा असलेला. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, इलेक्ट्रिशियनच्या कामाच्या कपड्यांतच. त्याची मुलगी नववीत होती. त्याने टोपी काढली आणि ताईंकडे न पाहता कागदावरून वाचायला सुरुवात केली. शाळेत राजकारण नको, आमच्या मुलांवर आमचा हक्क, वगैरे. पाच मिनिटांनी कागद संपला. मग त्याने वर पाहिलं. "नथिंग पर्सनल, मिस."

ताईंनी चष्मा नाकावर वर सरकवला.

"कॉलिन," ताई म्हणाल्या, "तू माझा फोटो छापलास. दहा हजार दारांतून आत टाकलास. ह्याहून पर्सनल काय असतं ते सांग मला."

"मी छापला नाही मिस. त्यांनी विचारलं, मी दिला." त्याची मान लाल झाली होती. "मला वाटलं नव्हतं ते असं..." वाक्य अर्धवट टाकून तो वळला. टोपी घालून निघून गेला.

त्याला ताईंनी दोन वर्षं शाळा सुटल्यावर बसवून शिकवलं होतं, हे मला मार्गारेटने हळूच सांगितलं. तेव्हा तो शाळा सोडून जाणार होता. सर्किट काढायला शिकला म्हणून त्याला अप्रेंटिसशिप मिळाली होती. मी ताईंकडे पाहिलं. पत्रक आलं तेव्हा, फोन आले तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी आणि पाय पोकळीत पडावा, तशा त्या बसल्या होत्या.

चर्चा झाली. यास्मिन बोलली, ती सर्वांत नीट बोलली. पत्रकाचा तिने कडक निषेध केला, पण भाषण दाखवायला विरोध कायम ठेवला. बाकीचे लोक भाषणाबद्दल बोललेच नाहीत. ते फाटकाबद्दल बोलले, पेपराबद्दल बोलले, पुढच्या वर्षीच्या प्रवेशांबद्दल बोलले. मग मार्गारेट म्हणाली, "कार्यक्रम रद्द करावा असं वाटणाऱ्यांनी हात वर करा."

पाच हात वर गेले. मी मोजले. पाच खालीच होते. आणि मी.

माझा हात कधी वर गेला ते मला कळलंच नाही, असं लिहायचा मोह होतो. पण तसं नव्हतं. मला नीट कळत होतं. निळी फाइल, वैशालीचा चेहरा, पेपरातलं संभाव्य नाव, सगळं क्रमाने डोळ्यांपुढे आलं आणि मी हात वर केला. तोही कोपरापासून, अर्धाच. मार्गारेटला तो दिसला नाही. तिने विचारलं, "मिस्टर नानिवडेकर, तो हात आहे का?" मग मला तो पूर्ण वर करावा लागला.

इंदूताई समोर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एवढंच. रागाने नाही. वर्गात ज्याला उत्तर येणारच अशी खात्री असते त्या मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर बाई पाहतात, तसं.

येताना मी त्यांच्याच गाडीतून आलो होतो. बैठक संपल्यावर मी लायब्ररीतच रेंगाळलो, त्या जाव्यात म्हणून. पुस्तकांच्या पाठी वाचत बसलो. पंधरा मिनिटांनी बाहेर आलो तर फाटकाशी त्यांची गाडी उभी, आत दिवा लावलेला. "चला नानिवडेकर. बस गेली तुमची."

मी बसलो. दोन सिग्नल गेले. मला वाटत होतं, त्यांनी आता ओरडावं. त्या म्हणाल्या, "मुक्ताला गणिताच्या वरच्या तुकडीत घालावं असं मला वाटतं. अल्जेब्राला उगाच घाबरते ती. घरी रोज अर्धा तास बसवा." मी "हो" म्हणालो. आमच्या दाराशी गाडी थांबली. "वैशालीचा डबा राहिलाय माझ्याकडे," त्या म्हणाल्या, "उद्या मुक्ताबरोबर देते." आणि गेल्या. मी फुटपाथवर उभा राहिलो. कुणी कानाखाली मारली असती तर मला इतका धक्का बसला नसता.

दुसऱ्या दिवशी मुक्ता घरी आली ती बॅग फेकत. "कॅन्सल केली, बाबा! मिसेस के म्हणाली, गव्हर्नर्सनी डिसाइड केला. कुणीतरी विचारला, तुम्हाला राग नाही आला? तर म्हणाली, मी पण गव्हर्नर आहे, म्हणून डिसिजन माझा पण आहे." ती माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, तू तिथे होता ना? कोण वोट केला अगेन्स्ट?"

"ते सांगायचं नसतं, बेटा. गोपनीय असतं."

"पण तू तर फॉर केला ना?"

मी कढईत काहीतरी ढवळत होतो. "हात धू," मी म्हणालो, "जेवायला बस."

शनिवारी तिने ते भाषण लॅपटॉपवर शोधून काढलं. मी मागे उभा राहून पाहिलं. वीसेक मिनिटं. अभ्यास करा, जबाबदारी घ्या, जमलं नाही तरी सोडून देऊ नका. कुठल्याही शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे बोलतात त्यातलंच, जरा बऱ्या भाषेत. संपल्यावर मुक्ता पडद्याकडे पाहत राहिली. "दॅट्स इट? हे तर मिसेस के आम्हाला रोज सांगते." मी दोन देशांतल्या त्या सगळ्या माणसांचा विचार करत होतो. फलक, पत्रकं, फोन, आणि माझा अर्धा वर गेलेला हात. आमच्यापैकी एकानेही, मला धरून, ते आधी ऐकलेलं नव्हतं. ऐकायला ते आमच्या बैठकीच्या आधीपासून इंटरनेटवर होतंच.

पुढच्या आठवड्यात ताईंनी राजीनामा दिला. निवृत्तीला दोन वर्षं होती. नाताळपर्यंत राहायचं आणि मग वॉटफर्डला धाकट्या बहिणीकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि तसंच केलंही. वैशाली त्यांच्या घरी जाऊन रडली. तिला त्या म्हणाल्या, "अगं, पत्रकाला भिऊन जात नाहीये मी. सत्तरच्या दशकात ह्याहून वाईट पाहिलंय. तेव्हा लिहिणारे ओळखीचे नव्हते. इथे माझा कॉलिन होता. वर्गात उभी राहिले की आता मला वाटतं, ह्यांतला कोण? असं वाटायला लागल्यावर शिकवू नये." वैशालीने मला हे जसंच्या तसं सांगितलं आणि मग म्हणाली, "मी तुला त्या दिवशी गप्प बस म्हटलं होतं. हात वर कर म्हटलं नव्हतं." ते खरं होतं.

ऑक्टोबरात आम्ही क्रॉयडनला गेलो. सकाळी रांग, दुपारी मुलाखत. मुलाखत कसली, काचेपलीकडच्या बाईने फाइल चाळली, एकदाही वर न पाहता शिक्के मारले. शाळा, पत्रक, पेपर, कशाचाही उल्लेख नाही. तिला माझं नाव उच्चारतासुद्धा आलं नाही. बाहेर आल्यावर वैशालीने मला मिठी मारली. समोरून ट्राम गेली. ज्याला मी इतका भ्यालो होतो, ते तिथे नव्हतंच.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी पेढे घेऊन मी एकटाच ताईंकडे गेलो. हॉलमध्ये खोकी भरलेली होती. त्यांनी पेढा घेतला, दुसराही घेतला, मनापासून अभिनंदन केलं. मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी जे केलं..."

"थांबा." त्यांनी हात वर केला. "मला राग नाही असं मी म्हणणार नाही. आहे. पण माफी मागायला आला असाल तर चुकीच्या घरी आलात. माझं काय गेलं? शंभर तास घेतले, एक नाही घेतला. तास मुलांचा होता. प्रास्ताविक कुणाचं होतं?"

मी पेढ्यांच्या पुड्याचं झाकण लावलं.

"तिला ठाऊक नाहीये ना?"

"नाही."

"मग जा," त्या म्हणाल्या. "चहा नंतर कधीतरी."

घर दहा मिनिटांवर होतं. मी ते अर्ध्या तासात गाठलं. मुक्ता जेवणाच्या टेबलाशी अल्जेब्रा करत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. क्रॉयडनचं सांगितलं, भीतीचं सांगितलं, पाच आणि पाचचं सांगितलं. पेन्सिल तिच्या बोटांत थांबली.

"यू?" ती म्हणाली. "तू हात वर केला?"

"हो."

"आणि मी विचारला तेव्हा तू म्हणाला, सांगायचं नसतं."

"हो."

ती रडली नाही. मला वाटलं ती ओरडेल, जिना आपटत वर जाईल. तिने पेन्सिल वहीच्या मधोमध ठेवली. मग तिने जे विचारलं, ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मिसेस के-ला माहीत होता?"

"त्या समोरच बसल्या होत्या, बेटा."

"ऑल धिस टाइम?" ती उठून उभी राहिली. "पण बाबा, ती मला... शी वॉज नॉर्मल! रोज. ट्यूझडेला लंचमध्ये थांबून तिने मला हे सगळं शिकवलं." वहीवर तिने हात आपटला. "मी तिला सांगितला, माय डॅड वोटेड फॉर यू, मिस. मी तिला दोनदा सांगितला!"

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, युअर डॅड इज अ गुड मॅन, नाउ डू नंबर सिक्स."

मुक्ता बाहेरच्या खोलीत गेली आणि खुंटीवरचा कोट काढून घालू लागली. मी मागे गेलो.

"कुठे चाललीस?"

"मिसकडे."

"मी येऊ?"

तिने झिप वरपर्यंत ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. "नको, बाबा. तू नको."

ती पायऱ्या उतरून निघाली. वैशालीने आतून विचारलं, दार का उघडं ठेवलंय, सगळी ऊब बाहेर जातेय. मी दार लावलं नाही. मुक्ता कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी उंबऱ्यातच उभा होतो. तिने मागे वळून पाहिलं नाही.